तौबेच्या अलीकडे

(वालावल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी फोनवर जरा थांबून विचारलं, "ताई, हा विषय वालावलीत?" प्रश्न रास्त होता. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, देवळालगतचं तळं आणि कर्लीचं पात्र यांसाठी ज्या गावाचं नाव घेतात, तिथे येऊन वेश्याव्यवसायातल्या मुसलमान बायकांच्या धर्मशिक्षणावर बोलायचं. फोनवर मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सुरुवात तिथूनच करते.

आपल्या या पट्ट्यात, सावंतवाडी संस्थानात आणि मालवणच्या आसपास, देवळांना भाविणी होत्या. एन्थोवेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२० च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर तीन खंड काढले. भावीण कशी होत असे, ते त्यात नोंदलेलं आहे. घर सुटलेली बाई रात्रीच्या वेळी देवळात येई. गावकर आणि गुरव हजर असत. देवापुढे जळणाऱ्या दिव्यातलं तेल ती स्वतःच्या डोक्यावर ओतून घेई, आणि एवढ्याने ती देवळाची होई. पुढे देऊळ झाडायचं, दिवे घासायचे, देवाला ओवाळायचं. तिच्या मुली भाविणी आणि मुलगे देवळी. तिच्याकडे कोण येतं-जातं हे गावाला ठाऊक असे आणि गाव त्याविषयी बोलत नसे. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा आला. महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलन कायदा तर अगदी २००५ चा. पण कायद्याची वाट न पाहता त्या समाजातल्याच शिकलेल्या माणसांनी ही रीत मोडायला घेतली होती. गोव्याच्या राजाराम पैंगीणकरांचं 'मी कोण?' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलं असेल, त्यांना त्या मोडण्याची किंमत माहीत आहे.

तेव्हा देहविक्रय करणाऱ्या बाईचं धर्माने काय करायचं, हा प्रश्न या मातीला परका नाही. इथल्या धर्माने तिला आत घेतलं आणि आतच अडकवून ठेवलं. माझ्या धर्माच्या लोकांनी तिला दाराबाहेर ठेवलं. मी कोकणी मुसलमान घरातली. दुसऱ्याच्या घरातलं काढण्यापेक्षा आपल्या घरातलं बोलावं, म्हणून आज त्या दाराविषयी बोलणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : धंद्यात असलेल्या मुसलमान बाईला दीन, म्हणजे धर्म, शिकवायचा असेल, तर ती धंद्यात असतानाच शिकवायला हवा. "आधी तौबा कर, धंदा सोड, मग ये" ही अट आपल्या मौलवींनी, जमातींनी आणि सज्जन बायकांनी घातलेली आहे. तौबा म्हणजे पश्चात्ताप करून पाप सोडणं. मला धर्मग्रंथांत ती अट सापडत नाही.

आधी एका मराठी बाईची हकीकत सांगते. दिल्लीत हौज काझीच्या चौकापाशी, खाली दुकानं आणि वर चढून गेल्यावर लाल दगडाची, तीन घुमटांची एक लहानशी मशीद आहे. १८२३ च्या सुमारास ती मुबारक बेगम नावाच्या बाईने बांधली. ही मूळची पुण्याची, हिंदू घरातली, नाचगाण्याच्या पेशातली. पुढे मुसलमान झाली आणि दिल्लीचा पहिला इंग्रज रेसिडेंट डेव्हिड ऑक्टरलोनी याची बीबी झाली. ऑक्टरलोनीच्या मृत्युपत्रात तिचा उल्लेख 'मराठन' असाच आहे. पुण्याहून दिल्लीपर्यंत ती कशी पोहोचली असेल, कितीजणांच्या हातांतून गेली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. हाती पैसा आल्यावर या बाईने मशीद बांधली. लोकांनी तिला नाव दिलं 'रंडी की मस्जिद'. त्या काळातल्या प्रतिष्ठितांनी तिथे नमाज पढायचं टाळलं. मशीद आजही आहे, पाच वक्तांची अजान होते, आणि ते नावही दोनशे वर्षं टिकून राहिलं आहे. २०२० च्या जुलैमध्ये दिल्लीत मोठा पाऊस झाला, तेव्हा तिचा एक घुमट कोसळला. वर्तमानपत्रांत बातमी आली, आणि त्या निमित्ताने पुण्याच्या त्या बाईचं नाव महाराष्ट्रात थोड्याफार लोकांनी वाचलं असेल.

मुबारक बेगम श्रीमंत होती, म्हणून तिची श्रद्धा दगडातून उभी राहिली. बाकीच्यांची श्रद्धा कुणाला दिसत नाही. मंटोच्या 'काली शलवार' कथेतली सुलताना दिल्लीत धंदा बसल्यामुळे हवालदिल आहे, आणि तिची सगळी धडपड मुहर्रमला घालायला काळी सलवार मिळावी यासाठी चाललेली आहे. त्या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला. खटला भरणाऱ्यांना बाईचा धंदा दिसला, मुहर्रम दिसला नाही.

मुंबईत कामाठीपुऱ्याच्या एका अंगाला नागपाडा, पुढे मदनपुरा, थोडं पलीकडे भेंडीबाजार. त्या गल्ल्यांत अजान ऐकू येत नाही अशी खोली नाही. या वस्त्यांत काम करणारं कुणीही सांगेल की रमजानात तिथल्या अनेकजणी रोजे धरतात. ज्यांना परवडतं त्या महिनाभर धंदा बंद ठेवतात, आणि ज्यांच्या डोक्यावर घरवालीचं, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईचं, कर्ज असतं त्यांना ती सोय नसते. गुरुवारी दर्ग्यावर जातात. माहीमच्या मखदूम बाबांच्या दारात त्यांना कुणी अडवत नाही, ही दर्ग्यांची मोठी पुण्याई आहे. पण मखदूम अली माहिमी हे आमचे कोकणी आलिम. चौदाव्या-पंधराव्या शतकात कुराणावर अरबी भाष्य लिहिणारा हा पंडित. त्यांच्या दर्ग्यावर यायला तिला मुभा आहे, त्यांनी जे शिकवलं ते शिकायला मात्र जागा नाही. दर्गा तिला दिलासा देतो. तिच्या प्रश्नांना उत्तर द्यायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

आणि प्रश्न तर पुष्कळ आहेत. आंघोळ केली तरी माझं अंग पाक होतं का? मी कुराणाला हात लावू का? माझा रोजा धरला जातो की नुसतीच उपाशी राहते? ज्या पैशाने ईदची सेवई केली, तो पैसा हराम, मग सेवई खाणारं पोरगंही हरामाचं का? त्याच्या निकाहाला बापाचं नाव काय लावायचं? मेल्यावर माझा जनाजा कोण पढेल? सुशिक्षित माणूस हसण्यावारी नेईल असे हे प्रश्न. पण ज्या बाईला आयुष्यात कुणी शाळेत घातलं नाही, तिच्या मनात रात्री तीन वाजता हेच असतात. आणि त्यांची उत्तरं तिला मिळतात ती घरवालीकडून, गिऱ्हाइकाकडून, नाहीतर ताईत विकणाऱ्या बाबाकडून.

माझ्या आजीने मला कायदा शिकवला, अरबी अक्षरांची पहिली पोथी. पडवीत चटईवर बसायचं, पुढे लाकडी रेहल, त्यावर कायदा उघडा. आजी माडाच्या झावळीचा एक हीर सोलून, टोक मऊ करून आणायची आणि अक्षराखाली धरायची. अलिफ, बे, ते. चुकलं की हीर तिथेच थांबायचा, मी बरोबर म्हणेपर्यंत पुढे सरकायचा नाही. ती कधी ओरडली नाही. शिकायला बसताना तिने मला एवढंच विचारलं, वुजू केलास का? वुजू म्हणजे हात-पाय-तोंड धुणं. तू कशी मुलगी आहेस, कुठून आलीस, काय करून आलीस, असला प्रश्न त्या चटईवर नव्हता. पाक होण्याचा तेवढा विधी धर्माने सांगितलेला आहे आणि तो कुणालाही करता येतो. धंद्यातल्या बाईलाही गुस्ल, म्हणजे विधिवत आंघोळ, केली की नमाज आहे, कुराण आहे. हे साधं वाक्य तिला सांगायला आजवर कुणी गेलं नाही, याची मला लाज वाटते.

आता ग्रंथांकडे येते. कुराणाच्या चोविसाव्या सूरेत, सूरह नूरमध्ये, तेहतिसाव्या आयतीत गुलाम स्त्रियांना धंद्याला लावून पैसा कमावणाऱ्या मालकांना मनाई आहे. मदिनेत अब्दुल्ला इब्न उबय्य नावाचा एक बडा सरदार आपल्या दासींना असं वापरत असे, त्या संदर्भात ही आयत आली असं भाष्यकार सांगतात. आयतीचा शेवट नीट वाचण्यासारखा आहे. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांच्यासाठी अल्लाह क्षमाशील आणि दयाळू आहे, असा तिचा आशय. म्हणजे बोट मालकाकडे आहे आणि क्षमा बाईकडे. आपल्या वस्त्यांत आलेल्या किती बायका विकल्या गेल्या, फसवल्या गेल्या, नवऱ्याने टाकल्या म्हणून आल्या, हे कुणी मोजायला नको. हमीद दलवाई याच कोकणातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला तो तोंडी तलाकाविरुद्ध. घराबाहेर टाकलेली बाई कुठे जाते, हे त्या माणसाला दिसत होतं. त्यांच्या अनेक मतांशी माझे मतभेद आहेत. हे मात्र त्यांनी पाहिलं आणि आमच्या मौलवींनी पाहायचं नाकारलं.

दुसरी गोष्ट हदीसमधली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमधली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही सर्वमान्य संग्रहांत ती आहे. बनी इस्राईलमधली एक वेश्या. उन्हाचा दिवस. तहानेने जीव जायला आलेलं एक कुत्रं विहिरीभोवती फिरताना तिला दिसलं. तिने पायातला जोडा काढला, ओढणीला बांधला, विहिरीत सोडला, पाणी काढून त्याला पाजलं. आणि त्याबद्दल तिला क्षमा झाली. ही कथा आमच्याकडे भूतदयेवरच्या प्रवचनात हमखास येते. मी ती लहानपणापासून ऐकत आले. पण तिच्यात जे नाही, त्याकडे कुणी लक्ष वेधल्याचं मला आठवत नाही. तिने आधी धंदा सोडला, असं त्या कथेत नाही. तौबा केली, असंही नाही. ती विहिरीपाशी आली तेव्हा वेश्याच होती, आणि क्षमेची बातमी येते तेव्हाही कथा तिला त्याच नावाने ओळखते. भाष्यकारांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे, तौबेचं महत्त्व कमी होऊ नये म्हणून अनेक खुलासे केले आहेत, आणि ते चूक आहेत असं म्हणण्याइतकी मी विद्वान नाही. पण अल्लाहची नजर तौबेच्या अलीकडे उभ्या असलेल्या बाईवरही होती, एवढं तर त्या कथेतून कुणालाही दिसावं. आपण मात्र तिला सांगतो, आधी विहिरीतून वर ये, मग दोर टाकतो.

यावर आलिम लोक हरकत घेतील ती मला माहीत आहे. धंदा चालू असताना शिकवलंत, तर त्या पापाला मान्यता दिल्यासारखं होईल. हरकत प्रामाणिक आहे. इस्लाममध्ये व्यभिचार मोठा गुनाह आहे आणि त्याला दुसरं काही म्हणायचा माझा विचार नाही. पण व्याज खाणाऱ्याला आपण जुम्याच्या नमाजला अडवत नाही. बहिणीचा वाटा गिळलेला भाऊ पहिल्या सफेत, म्हणजे रांगेत, उभा राहतो. त्यांचे गुनाह चालू आहेत म्हणून त्यांची तालीम थांबत नाही. उलट तालमीनेच ते सुटतील असं आपण म्हणतो. मग हिच्याच बाबतीत क्रम उलटा का?

दुसरी हरकत अगदी विरुद्ध बाजूची आहे, आणि ती मला जास्त जड वाटते. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून या बायकांसोबत काम केलं. तिथल्याच बायकांनी पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. त्यांचं सांगणं असतं की आम्हाला उद्धारक नको, हक्क द्या. धर्माचा माणूस आला की तो अपराधाची भावना वाढवूनच जातो. मी हे मनावर घेते. ज्या धर्मशिक्षणाने बाई आधीच वाकलेली आणखी वाकेल, ते न दिलेलं बरं. पण त्या बायकांजवळ धर्म नाही, आणि आपण तो नेऊन द्यायचा, असं चित्रच खोटं आहे. धर्म त्यांच्याजवळ आहेच, आणि त्यातला भीतीचा भाग तेवढा त्यांच्या वाट्याला आला आहे. नरकाची वर्णनं सगळ्यांना पाठ. सूरह नूरची आयत कुणाला माहीत नाही. तिच्या बाजूचं जे लिहिलेलं आहे, ते तिला वाचता यावं, यात उद्धार वगैरे काही नाही. तो तिचा वाटा आहे आणि तो इतकी वर्षं दुसऱ्यांनी दाबून ठेवला.

त्याच ओघात आरोग्याचं सांगते. शिकवायला जाणाऱ्या बाईने कंडोम वाटणाऱ्या कार्यकर्तीच्या कामात आडवं येता कामा नये. जीव राखणं हे शरियतच्या पाच मूळ हेतूंपैकी एक आहे, इमाम गजालींनी ते नोंदवलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला २००० साली 'पॉझिटिव्ह मुस्लिम्स' नावाची संघटना निघाली. फरीद एसाक हे कुराणाचे अभ्यासक तिच्या संस्थापकांत होते. एड्स झालेला मुसलमान म्हणजे पापाची शिक्षा भोगणारा माणूस, या समजुतीला त्यांनी करुणेच्या बाजूने उत्तर दिलं. तो रोग कुठून आला हे आधी विचारायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

आता मरणाचं. बांगलादेशात पद्मेच्या काठी दौलतदिया नावाची वस्ती आहे, फेरीघाटाजवळची, हजारावर बायकांची. तिथली बाई वारली की तिला रात्री गुपचूप पुरायचं किंवा नदीत सोडायचं, अशीच रीत होती. इमाम जनाज्याची, म्हणजे अंत्यविधीची, नमाज पढवायला तयार होत नसत. फेब्रुवारी २०२० मध्ये एक म्हातारी वारली. तिच्या माणसांनी आणि वस्तीतल्या बायकांनी आग्रह धरला, तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने इमामाला गळ घातली, आणि वस्तीच्या इतिहासात पहिल्यांदा रीतसर जनाजा झाला. दोनशेच्या आसपास माणसं नमाजला उभी राहिली. नंतर त्या इमामावर इतकी टीका झाली की पुन्हा असा जनाजा पढवणार नाही, असं त्याने जाहीर केलं. एका पोलीस अधिकाऱ्याला जे कळलं, ते इमामाला सांगावं लागलं आणि सांगूनही टिकलं नाही.

सहीह मुस्लिममध्ये जुहैना कबिल्यातल्या एका स्त्रीची हकीकत आहे. व्यभिचाराची कबुली तिने स्वतः दिली होती, त्या काळच्या कायद्याने तिला शिक्षा झाली. ती शिक्षा हा आज वेगळा विषय आहे आणि मी तो टाळते असं समजू नका, तो स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. मला पुढचं सांगायचं आहे. पैगंबर साहेबांनी तिच्या जनाज्याची नमाज पढवली. हजरत उमर यांनी विचारलं की व्यभिचार केलेल्या बाईची नमाज आपण पढवता? त्यावर त्यांनी सांगितलं की हिची तौबा मदिनेतल्या सत्तरजणांत वाटली तरी पुरेल. उमर यांचा प्रश्न आजही गावोगावच्या कब्रस्तान कमिट्या विचारत असतात. उत्तर मात्र त्यांनी ऐकलेलं नाही.

मुसलमान जगात कुणी हे काम केलंच नाही, असं नाही. इंडोनेशियात जावा बेटावर केदिरीजवळच्या प्लोसो इथल्या मोठ्या मदरशाच्या घराण्यातले हमीम जझुली, लोक त्यांना गुस मिक म्हणत, नाइटक्लबांत आणि अशा वस्त्यांत जाऊन बसत. धर्मगुरूने तिथे जावं का, यावर त्यांच्यावर खूप टीका झाली. १९९३ साली ते वारले. आज त्यांच्या जिक्रच्या, म्हणजे नामस्मरणाच्या, मेळ्यांना हजारो माणसं जमतात. सुराबाया शहरातल्या बांगुनसारी वस्तीतच जन्मलेले ख्वैरॉन शुऐब यांनी त्याच वस्तीत राहून तिथल्या बायकांना शिकवलं. लोक त्यांना त्या धंद्याच्या नावानेच मौलवी म्हणू लागले आणि त्यांनी ते चालवून घेतलं. आणि त्याच सुराबायात डॉली नावाची प्रचंड वस्ती १८ जून २०१४ रोजी सरकारने बंद केली. घोषणा झाली शहराच्या इस्लामिक सेंटरमध्ये, बायकांना थोडी रक्कम दिली गेली, आणि त्या पांगल्या. आपल्याला तर इतकं लांब जायला नको. वास्कोची बायणा इथून फार दूर नाही. २००४ साली तिथे बुलडोझर फिरला. त्या खोल्यांतल्या बायका कुठे गेल्या, हे बुलडोझर पाठवणाऱ्यांनी पाहिलं नाही. वस्ती उठवणं हे काही त्या बायकांना विचारणं नव्हे. या दोन तऱ्हांतली मी पहिली धरते. शिकवणाऱ्याने तिथे जाऊन बसायचं, आणि बाईने कधी, कसं, निघायचं की नाही, हे तिच्यावर सोडायचं.

आपल्याकडे हे कोण करणार? माझं उत्तर आहे, बाया. २००७ साली निघालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी तो जिंकला. त्याच संघटनेने मुंबईत स्त्रियांना काझीपणाचं शिक्षण दिलं. निकाह, तलाक, मेहेर, वारसा यांचा कायदा शिकलेल्या या बायका आहेत. अशी एखादी काझी आठवड्यातून एकदा कामाठीपुऱ्यात, भिवंडीच्या हनुमान टेकडीला, पुण्याच्या बुधवार पेठेत दुपारी बसली, कारण सकाळी बायका झोपलेल्या असतात आणि संध्याकाळी धंदा सुरू होतो, तर निम्मं काम होईल. तिने उर्दूचा हट्ट धरू नये. तिथल्या कितीतरी बायका बंगाली बोलतात, कानडी बोलतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, बंगालची बाई हनफी. नमाजात हात कुठे बांधायचे यावर वाद घालायची ती जागा नाही. मुलांसाठी वेगळी जागा लागेल. कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' या संस्थेने १९८८ पासून रात्री मुलांना सांभाळायचं केंद्र चालवलं, त्यावरून शिकण्यासारखं आहे. आणि एकाचं ओझं दुसरा उचलत नाही, हे कुराणातलं तत्त्व आधी त्या मुलांना शिकवायचं, बाकीचं नंतर.

पैशाचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथेच सगळं अडतं. वेश्येची कमाई हराम आहे, अशी हदीस आहे. तिचा पैसा मशिदीला चालत नाही, यावर सगळे ठाम. मग ती धंदा सोडायला निघाली तर खायचं काय? हातात जे चार पैसे आहेत ते टाकून द्यायचे? या प्रश्नाला आमच्या जुन्या फिकहने, म्हणजे धर्मशास्त्राने, उत्तर दिलेलं आहे. दमास्कसचे इब्न तैमिया, १३२८ साली वारले, अत्यंत कडक म्हणून ज्यांची ख्याती. त्यांचा फतवा आहे की अशी बाई तौबा करून आली आणि गरीब असली, तर त्याच पैशातून तिला गरजेपुरतं द्यावं, आणि तिला विणकाम, सूतकताई असं काही येत असेल तर धंद्याला भांडवल म्हणून द्यावं. आमच्या शाफई मजहबचे इमाम नववी यांनी गजालींच्या हवाल्याने असाच निवाडा दिला आहे की असा पैसा जवळ असलेला माणूस स्वतःच गरीब असेल, तर तो स्वतःवर आणि आपल्या घरच्यांवर खर्च करू शकतो. सातशे वर्षांपूर्वीच्या या माणसांना तिच्या पोटाची काळजी होती. आमच्या जमातीत हे फतवे वाचलेलं कुणी असेल तर त्याने ते लोकांना सांगितलेलं नाही.

आणि जकात. कुराणाच्या नवव्या सूरेत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेले आहेत, आणि गुलामीतून मान सोडवायची आहे तेही आहेत. घरवालीचं कर्ज डोक्यावर असलेली, विकून आणलेली मुलगी यातल्या कुठल्या खान्यात बसत नाही, ते मला एखाद्या मुफ्तींनी समजावून सांगावं. दरवर्षी रमजानात कोकणातल्या घराघरांतून, आखातातून, मुंबईतून जकातीचा पैसा निघतो. त्यातला काही या बायकांची कर्जं फेडायला जायला हवा. हे करताना तिने नमाज सुरू केली का, बुरखा घातला का, ही चौकशी नको. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात या बायकांचा सन्मानाने जगण्याचा हक्क मान्य केला, सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात डांबू नये असं म्हटलं, आधार कार्ड द्यायला सांगितलं. कोर्टाने कागद दिला. जमातीने निदान कर्ज तरी फेडावं.

शेवटी पुरुषांकडे येते. आज इथे पुष्कळ बसले आहेत आणि बरेचजण मुंबईत नोकरी करून आलेले असणार. गिरणगावात, खानावळींत, एका खोलीत दहाजण राहून कोकणाने मुंबई उभी केली, बायकामुलं गावाला ठेवून. त्या गल्ल्यांत कोण जात होतं, हे कोकणाला ठाऊक आहे. हिंदू गेले, मुसलमान गेले. तौबा मात्र बाईने करायची. ग्राहकासाठी कुणी वर्ग भरवला नाही. मुसनद अहमद या संग्रहात एक हदीस आहे. एक तरुण पैगंबर साहेबांकडे आला आणि सरळ म्हणाला, मला व्यभिचाराची परवानगी द्या. बसलेले लोक त्याच्या अंगावर धावले. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, बसवलं, आणि एकेक विचारलं, तुझ्या आईच्या बाबतीत हे तुला चालेल का? मुलीच्या? बहिणीच्या? आत्याच्या, मावशीच्या? तो प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग त्याच्यावर हात ठेवून त्यांनी त्याच्यासाठी दुआ केली. समुपदेशन म्हणतात ते हे. आणि ते ज्याला केलं तो पुरुष होता, जाणारा होता.

ही हदीस बांद्याच्या, सावंतवाडीच्या, मालवणच्या, रत्नागिरीच्या मशिदींत जुम्याच्या खुत्ब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, वर्षातून निदान दोनदा सांगितली जावी, अशी माझी या जिल्ह्यातल्या इमामसाहेबांना विनंती आहे, आणि ती मी लेखीही देणार आहे. तुमच्या कीर्तनकारांना तुम्ही काय विनंती कराल, ते मी तुमच्यावर सोडते. प्रश्नोत्तरांना वेळ राखून ठेवला आहे. बायकांनी आधी विचारावं.